चिंध्यांची पहिली गोधडी: आधी वजन जुळवा, रंग मागाहून

ज्या घरात शिवणकाम चालतं तिथे कात्रणं साठतातच. ब्लाउज बेतून उरलेली टोकं, पडद्याच्या पट्ट्या, कोपरावर फाटलेला पण पाठीत धड असलेला शर्ट, विरलेली सुती साडी. टाकवत नाहीत आणि उपयोगही सुचत नाही, म्हणून सगळं गाठोड्यात जातं. त्या गाठोड्यातून साधारण ३६ बाय ४५ इंचांची एक लहान गोधडी कशी शिवायची ते इथे सांगते. ही गोधडी बाळाखाली अंथरता येते, मांडीवर घेता येते, प्रवासात नेता येते. मशीन लागत नाही. ज्यांनी आजवर फक्त बटण लावण्यापुरती सुई धरली त्यांनाही ही जमेल, कारण सगळं काम एकाच टाक्याचं आहे: धावदोरा, म्हणजे सुई खाली-वर करत सरळ पुढे जाणारा साधा टाका.

नव्याने शिवायला बसणारे बहुतेकजण रंगांपासून सुरुवात करतात. जमिनीवर तुकडे मांडायचे, निळ्याशेजारी पिवळा ठेवून बघायचा. माझं आग्रहाचं सांगणं आहे की रंग शेवटी बघा. आधी कापडाचं वजन आणि वय बघा. नवं, कडक कापड विरलेल्या मऊ कापडाला जोडलं की सगळा ताण मऊ कापडावर येतो आणि दोन-चार धुण्यांत ते टाक्याच्या रेषेतच फाटतं. सारख्या पोताची कापडं एकत्र आली तर रंग कसेही असोत, गोधडी टिकते, आणि वापरून वापरून रंगही एकमेकांत मुरतात.

गाठोडं निवडणं

सगळं धुऊन घ्या. नवी कात्रणं तर नक्कीच, कारण सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं आणि ते आटायचं तर गोधडीत शिवण्याआधी आटलेलं बरं. धुताना भडक लाल, गडद निळे आणि काळे तुकडे वेगळे भिजवा. ओल्या तुकड्यावर पांढरं फडकं जोरात घासून बघा. फडक्याला रंग लागला तर तो तुकडा पुन्हा धुवा, तरीही लागत राहिला तर बाजूला ठेवा. मिठाच्या पाण्यात भिजवून सुटणारा रंग पक्का होतो या समजुतीवर विसंबू नका.

मग तीन ढीग करा. पहिल्यात मलमल, धोतर, जुन्या सुती साड्या, वापरून मऊ झालेले पंचे. दुसऱ्यात पॉपलीन, टू बाय टू (ब्लाउजचं कापड), शर्टाचं कापड, चादरी. तिसऱ्यात जीन्स, पडद्याचं, सोफ्याचं जाड कापड. एका गोधडीत शक्यतो एकच ढीग घ्या. पहिल्या आणि दुसऱ्या ढिगाची सोयरीक जमते, पण मऊ साडी आतल्या थरांत आणि टू बाय टू वरच्या तुकड्यांना, अशी. तिसरा ढीग पिशव्या, आसनं, पायपुसणी यांच्यासाठी ठेवा. हाताने शिवताना जीन्सच्या शिवणीतून सुई जात नाही आणि नवशिक्याचा उत्साह तिथेच संपतो.

जॉर्जेट, शिफॉन, क्रेप आणि ताणली जाणारी टी-शर्टाची कापडं पहिल्या गोधडीत नकोत. एक निसटतं, दुसरं ओढलं जातं. कापड सुती आहे की नाही याची शंका असेल तर त्यातले दोन-तीन धागे काढून स्टीलच्या ताटलीत जाळून बघा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि त्याची राख बोटाने चुरडली की भुगा होते. कृत्रिम धागा वितळतो आणि त्याचा कडक मणी उरतो. सगळा धागा मणी झाला तर कापड पूर्ण कृत्रिम, भुगा आणि मणी दोन्ही मिळाले तर मिश्र. मिश्र कापड वरच्या तुकड्यांना चालतं, अंगाला लागणाऱ्या खालच्या थराला नाही.

खणाचे तुकडे अनेकांकडे असतात आणि ते दिसतातही सुरेख. त्यांच्या कडांचे धागे फार सुटतात, त्यामुळे पाव इंच दुमड पुरत नाही, अर्धा इंच धरा. जरीचा काठ बाळाच्या गोधडीत घालू नका, तो टोचतो. टिकल्या, आरसे, बटणं यांनाही तिथे जागा नाही.

साडी फाडण्यापूर्वी

तळ आणि आतले थर यांना जुनी सुती साडी सगळ्यांत उत्तम. आधी फॉल उसवून काढा. मग साडी खिडकीसमोर धरा. बसायच्या जागेचा आणि निऱ्यांच्या खालच्या कडेचा भाग आधी विरतो, उजेडात तो जाळीसारखा दिसतो. पदर आणि आत खोचलेलं टोक बहुधा शाबूत असतं. शंका येईल तिथे दोन्ही अंगठे शेजारी ठेवून कापड आडवं ताणा. चर्रकन आवाज आला तर तो भाग मधल्या थरात टाका, तिथे त्याला दोन्हीकडून आधार मिळतो. आवाज न करता तग धरणारा भाग तळाला घ्या.

हिशेब सोपा आहे. सहावारी साडी साडेपाच मीटर म्हणजे सुमारे २१६ इंच लांब, आणि पन्हा, म्हणजे रुंदी, साधारण ४५ इंच. लांबीत ३६-३६ इंचांवर फाडली की सहा तुकडे मिळतात. नऊवारीचे नऊ. आपल्याला चार लागतील: एक तळ, दोन मधले, एक वरचा. उरलेले फाटक्या तुकड्यांच्या बदलीला कामी येतात. थर चारच ठेवा. पाच-सहा थरांची गोधडी उबदार होते हे खरं, पण हाताला जड जाते, पावसाळ्यात वाळत नाही आणि कुबट वास धरते.

साडी कात्रीने कापण्यापेक्षा कडेला छोटी चीर देऊन फाडा. ती उभ्या-आडव्या धाग्याला धरून सरळ फाटते. कात्रीची रेघ तिरकी गेली तर थर एकमेकांवर नीट बसत नाहीत आणि शिवून झाल्यावर एक कोपरा कायम मुडपलेला राहतो. साडी इतकी विरलेली असेल की फाडताना वेडीवाकडी जाते, तर एक आडवा धागा ओढून काढा आणि त्या रेघेवर कापा.

सुई आणि दोरा

सुई थोडी लांब आणि मोठ्या नेढ्याची घ्या. दुकानात नंबर विचारतील, तेव्हा लक्षात ठेवा की हातशिलाईच्या सुईचा नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. दाभण नको, त्याने विरलेल्या कापडाला भोकं पडतात. दोरा सुती हवा. भरतकामाच्या लडीतले सहापैकी तीन पदर, किंवा क्रोशाचा बारीक दोरा, दोन्ही चालतात. मजबूत म्हणून नायलॉनचा दोरा घेऊ नका. सुती दोरा ताण आला की स्वतः तुटतो, आणि तुटलेला टाका पाच मिनिटांत पुन्हा घालता येतो. दोरा कापडापेक्षा दणकट असला की कापड तुटतं.

दोरा हातभरच ओवा. सारखं ओवायचा कंटाळा येतो म्हणून लांब घेतला तर तो गुंततो, आणि पुन्हा पुन्हा कापडातून जाऊन पिंजला जातो. अंगुस्तान, म्हणजे सुई ढकलायची बोटावरची टोपी, पहिल्या दिवसापासून मधल्या बोटात घाला. सुरुवातीला ते बोटात परकं वाटतं, तरी काढू नका. चार थरांतून सुई ढकलताना उघड्या बोटाची कातडी तासाभरात हुळहुळी होते.

दोरा किती लागेल? एका इंचावर एक अशा ओळी घातल्या तर ४५ इंच लांबीच्या सुमारे ३६ ओळी होतात, म्हणजे १,६२० इंच, साधारण ४१ मीटर शिवण. तुकड्यांच्या कडा, काठ आणि सुरुवात-शेवटाची टोकं धरून ६० ते ७० मीटर दोरा हाताशी असू द्या. मध्येच संपला आणि तोच रंग मिळाला नाही तर वेगळा घ्या. जुन्या गोधड्यांमध्ये असे बदललेले दोरे सर्रास दिसतात.

थर लावणं

फरशी पुसून कोरडी करा. तळाचा तुकडा उलटी बाजू वर ठेवून पसरा आणि चार कोपऱ्यांना चिकटपट्टी लावा. अंगणात काम करत असाल तर कोपऱ्यांवर वजन ठेवा. कापड सपाट हवं, ताणलेलं नको. ताणून बसवलं तर सोडल्यावर ते आखडतं आणि वरचे थर फुगतात. त्यावर मधले दोन थर आणि वरचा थर ठेवा. हे तिन्ही चारी बाजूंनी एकेक इंच लहान हवेत, म्हणजे ३४ बाय ४३. तळाची ती एक इंच मोकळी कड पुढे गोट घालायला, म्हणजे कडेवरून वळवून काठ शिवायला, कामी येईल. प्रत्येक थर टाकल्यावर मधून कडेकडे तळहाताने सुरकुत्या काढा.

आता कच्चे टाके. हे काम वगळावंसं वाटतं, कारण शेवटी ते उसवायचेच असतात. वगळू नका. मधोमध उभा, मधोमध आडवा, मग चार-चार बोटांच्या अंतरावर, बोटभर लांबीचे ढिले टाके घाला. वेगळ्या रंगाचा दोरा घ्या म्हणजे काढताना चटकन दिसतो. पिनांवर भागवता येतं, पण मांडीवर घेऊन शिवताना त्या टोचतात आणि गळतात.

तुकडे बसवणं

वरच्या थरावर तुकडे मांडा. रंगांचा विचार करायचा तो इथे. माझी पद्धत एवढीच: सगळ्यांत गडद तुकडे आधी, एकमेकांपासून दूर ठेवायचे, मग मधल्या जागा भरायच्या. उभं राहून, डोळे किलकिले करून बघितलं की कुठे काळोख गोळा झालाय ते लगेच कळतं.

प्रत्येक तुकड्याची कड पाव इंच आत दुमडा आणि नखाने दाबा किंवा इस्त्री फिरवा. तुकडा किती लहान चालेल हे या दुमडीवर ठरतं. चार इंची चौकोन दुमडून साडेतीन इंचांचा होतो, म्हणजे जेमतेम पाव कापड आत जातं. दोन इंची चौकोन दीड इंचाचा होतो आणि जवळजवळ निम्मं कापड दुमडीतच संपतं. म्हणून तीन इंचांहून लहान तुकडे इथे खर्च करू नका, त्यांची सोय पुढे सांगते.

शेजारच्या दोन तुकड्यांत एकाची न दुमडलेली कड खाली आणि दुसऱ्याची दुमडलेली कड तिच्यावर, अर्धा इंच चढवून ठेवा. दोन्ही कडा दुमडून एकमेकांवर चढवल्या तर तिथे सुई अडते. हिशेब करून बघा: खालचे चार थर, वरच्या तुकड्याचे दुमडीसकट दोन, खालच्या तुकड्याचा एक, असे सात झाले. आठव्या-नवव्या थरातून सुई वाकडी निघते. तुकडे कच्च्या टाक्यांनी पकडून ठेवा. त्यांना वेगळं शिवायची गरज नाही, धावदोरा सगळं एकदमच पकडणार आहे. फक्त प्रत्येक दुमडलेल्या कडेलगत, गव्हाच्या दाण्याएवढं अंतर सोडून, एक ओळ गेली पाहिजे.

धावदोरा

दोऱ्याला लहान गाठ मारा. जिथे सुरू करायचं त्याच्या इंचभर आधी सुई फक्त वरच्या थरात खुपसून सुरुवातीच्या जागी बाहेर काढा आणि दोरा अलगद ओढा. गाठ टचकन आत शिरते आणि थरांमध्ये लपते. शेवटी दोन उलटे टाके घाला, सुई थरांतून इंचभर पुढे काढा आणि दोरा कापडालगत कापा.

पहिली ओळ मधोमध घाला, कडेला नाही. मग तिच्या एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला, असं बाहेर बाहेर जा, म्हणजे जास्तीचं कापड कडेला सरकतं. ओळी सरळ राहाव्यात म्हणून खडूने रेघा आखा. गडद कापडावर पांढऱ्या साबणाची वापरून उरलेली चीप उत्तम चालते, धुतली की जाते. ओळींत इंचभर अंतर ठेवा.

सुई उभी खुपसा, टोक खालच्या हाताच्या बोटाला जाणवलं की आडवी करून वर आणा. असे तीन-चार टाके सुईवर जमले की मग दोरा ओढा. इंचाला तीन टाके पुरेत. टाके बारीक असण्यापेक्षा सारखे असणं महत्त्वाचं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे टाका चारही थरांतून आरपार जाणं. खालचा थर सुटणं ही नवशिक्यांची नेहमीची चूक आहे. दर दोन ओळींनी गोधडी उलटून बघा. खालीही वरच्यासारखीच टाक्यांची ओळ दिसली पाहिजे. पुढे दहा ओळी झाल्यावर उलटलंत तर उसवायला मन होत नाही.

दोरा खेचू नका. ओळ संपली की त्या ओळीवरून अंगठा फिरवा. कापडाला चुण्या पडल्या असतील तर त्या सपाट होऊन दोऱ्यात थोडी ढील येते. तळहाताला खडबडीत, लहान लहान उंचवटे लागले आणि कापड मात्र सपाट पडलं की ताण बरोबर आहे असं समजा.

कडेच्या दोन इंचांत पोचलात की थांबा आणि गोट घाला. तळाची मोकळी कड अर्धा इंच दुमडा, पुन्हा अर्धा इंच वर वळवून पुढच्या थरांवर आणा, आणि धावदोऱ्यानेच शिवा. कोपऱ्यावर कापड जाड होतं, तिथे तळाचं टोक आधी तिरकं आत मुडपून घ्या, मग दोन्ही बाजू त्यावर आणा. उरलेल्या ओळी घाला आणि कच्चे टाके काढा.

मशीनवर करायची असेल तर १६ नंबरची सुई लावा, टाका मोठा ठेवा आणि कच्चे टाके दुप्पट दाट घाला. मशीन वरचा थर पुढे ढकलतं. माझं मत विचाराल तर पहिली गोधडी हातानेच शिवा. कुठलं कापड सुई घेतं आणि कुठलं नाही, हे बोटांना मशीनवर समजत नाही.

दुसरी गोधडी: कडेकडून आत

आपल्याकडच्या पुष्कळ जुन्या गोधड्या आणि वाकळी नीट पाहिल्या तर ओळी सरळ नसतात. त्या कडेने फिरत, चौकोनात चौकोन करत मध्यापर्यंत गेलेल्या असतात. दिसायला हे फार देखणं, पण यात जास्तीचं कापड मध्यावर गोळा होतं आणि तिथे फुगा येतो. म्हणून ही पद्धत दुसऱ्या खेपेला ठेवा.

यावरचा सुंदर तोडगा कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायकांच्या कवंदीत, म्हणजे त्यांच्या गोधडीत, आहे. हळियाळ, यल्लापूर भागातला हा समाज आफ्रिकी वंशाचा. त्यांच्यापैकी अनेकांचे पूर्वज पोर्तुगीज काळात गोव्यात गुलाम म्हणून आणले गेले होते, आणि त्यांच्यात आजही कोकणी बोलली जाते. कवंदीत तुकडे आधी मांडून ठेवत नाहीत. तळाला साडी, आणि एका कोपऱ्यापासून तुकडा ठेवायचा, कड दुमडायची, शिवायचं, तो संपत आला की पुढचा तुकडा त्याच्याखाली सरकवायचा, असं कडेकडेने फिरत आत यायचं. तुकडा शिवतानाच ठेवला जात असल्याने खालच्या कापडाची जी काही ढील असेल ती त्यात सामावली जाते, मध्यापर्यंत साचत नाही. शेवटी चारही कोपऱ्यांना घड्या घातलेले रंगीत तुकडे लावतात, त्यांना फुलं म्हणतात, आणि त्यांच्याशिवाय कवंदी पुरी मानत नाहीत. पहिली गोधडी झाल्यावर हे करून बघाच. मांडणीची चिंता नसल्याने हात मोकळा चालतो.

तीन इंचांहून लहान चिंध्या

लांबट पट्ट्या वेगळ्या काढा. विरलेल्या धोतराचा आठ इंची चौकोन घ्या, मधोमध एक पट्टी तिरकी ठेवा, दुसरी तिच्यावर सुलट बाजू आत करून ठेवा, कडेने शिवा आणि उलटवून दाबा. असं दोन्हीकडे चौकोन भरेपर्यंत. बाहेर आलेली टोकं छाटा. अर्धा-पाऊण इंच दिसणारी पट्टीसुद्धा इथे खपते आणि धोतर आत थर म्हणून राहतं. असे चौकोन जोडून गोधडीचा वरचा थर होतो, किंवा दोन चौकोनांमध्ये जुन्या टॉवेलचे दोन थर घालून गरम पातेलं उतरवायचं फडकं होतं. त्यात सगळं सुतीच हवं. कृत्रिम कापड उष्णतेने वितळून हाताला चिकटतं. फडकं ओलं असताना वापरू नका, ओल्या कापडातून चटका लगेच बसतो.

त्याहून बारीक चुरा बसायच्या तक्क्यात भरा. भरण्याआधी इंचभराहून लहान कापून घ्या, नाहीतर त्याचे गोळे होतात. डोक्याखालच्या उशीला तो जडच पडतो.

धुणं, ठेवणं, दुरुस्ती

पहिल्यांदा गोधडी एकटीच, गार पाण्यात धुवा. पिळू नका. ओली गोधडी भयंकर जड होते, आणि पिळताना पडणारी पीळ टाके तोडते. दाबून पाणी काढा, दोन दोऱ्यांवर पसरून घाला आणि दुपारी उलटा. घटस्थापनेआधी घरातल्या सगळ्या गोधड्या धुवायची रीत पुष्कळ ठिकाणी आहे. तेव्हा उन्हाकडे लक्ष ठेवा, भादव्याच्या शेवटी एखादी सर येऊन जाते.

बाळाच्या गोधडीत किंवा कपड्यांत डांबरगोळ्या कधीही ठेवू नका. त्यांतल्या नॅप्थलीनने काही बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ होऊ शकते. कडुलिंबाचा सावलीत वाळवलेला पाला कापडात बांधून ठेवा. आणि तान्ह्या बाळाला झोपवताना गोधडी खाली अंथरा, ताणून आणि सपाट. अंगावर सैल टाकलेलं पांघरूण तोंडावर येऊ शकतं.

वापरातल्या गोधडीचे काठ आणि पायाकडचा भाग आधी जातात. तुटलेला टाका दिसला की त्याच आठवड्यात घाला, कारण एक ओळ सुटली की शेजारच्या ओळीवर ताण येतो. तुकडा विरला तर काढू नका. त्याच्यावर थोडं मोठं, तितकंच मऊ ठिगळ ठेवा आणि जुन्या ओळींच्या मधून नव्या ओळी घाला. ठिगळांनी सगळा वरचा थर झाकला गेला आणि तळही गेला, की ती गोधडी पुढच्या गोधडीच्या पोटात मधला थर म्हणून घाला. मात्र तेव्हा दोन मधल्या साड्यांच्या जागी ती एकटीच, आणि सुई एक नंबर जाड घ्या.